स्मोकरमध्ये धूर कोंडू नका, तो धुंगार नाही

कोळशाचा नवीन स्मोकर, म्हणजे धुरात मांस हळूहळू शिजवायची झाकणाची भट्टी, घेतला की पहिल्यांदा पोर्कच्या रिब्सच लागतात, आणि दुसऱ्या दिवशी तेच ऐकायला मिळतं, भाऊ कडू झाल्या, जीभ बधिर झाली, मसाला चुकला का? मसाला नाही चुकला. तुम्ही सहा तास धुंगार देऊन राहिले आणि त्याला स्मोकिंग म्हणून राहिले.

धुंगार आपल्या सगळ्यांना येतो. वाटीत निखारा, त्यावर तूप, झाकण घट्ट, पाच मिनिटं. मटण आधीच शिजलेलं असतं, धूर फक्त वासापुरता. तिथून डोक्यात बसलंय की धूर जितका कोंडला तितकी चव जास्त.

स्मोकरमध्ये कोळशावर चवीसाठी लाकडाचे तुकडे टाकतात आणि रिब्स कच्च्या असतात, त्या त्याच गरम हवेत पाच-सहा तास शिजतात, म्हणून धूर वाहता पाहिजे. खालून हवा आत, मांसावरून धूर, वरच्या व्हेंटमधून, म्हणजे हवेच्या भोकातून, बाहेर. वरचा व्हेंट पूर्ण उघडा, शेवटपर्यंत. तो बंद केला की आगीला हवा पुरत नाही, लाकूड जळायच्या ऐवजी नुसतं धुमसतं आणि दाट पांढरा धूर निघतो. त्यातली काजळी आणि डांबरासारखा चिकट क्रिओसोट रिब्सवर बसतो. कडूपणा तो. पाच मिनिटांत जाणवला नसता, पाच तासांत जाणवतोच.

चांगला धूर पातळ असतो, निळसर, कधीकधी दिसतही नाही. इथेच लोक घाबरतात, धूर संपला म्हणून अजून लाकूड टाकतात, नका टाकू हो. नाकाने बघा, वास गोडसर आणि स्वच्छ येऊन राहिला तर काम सुरू आहे. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन तापलं की ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल ही वासाची रसायनं बनतात, आपण ज्याला धुराची चव म्हणतो ती मुख्यतः त्यांची, आणि ती दाट धुरावर अवलंबून नाही.

आता व्हेंट बंद करायची पाळी येते कशामुळे, तर सगळा कोळसा एकदम पेटवल्यामुळे. मग स्मोकरचं तापमान 180 डिग्री सेल्सियसवर जातं, माणूस घाबरून सगळी भोकं दाबतो आणि पांढरा धूर सुरू. त्यापेक्षा न पेटलेला कोळसा पसरा, वर 10-12 फुललेले निखारे ठेवा, आग हळूहळू सरकत जाते. 110 ते 120 डिग्री पाहिजे आणि ते फक्त खालच्या व्हेंटने सांभाळायचं. मे महिन्यात भर दुपारी स्लॅबवर उन्हात लावाल तर ऊनच स्मोकर तापवते, संध्याकाळी लावा. बंद बाल्कनीत तर कधीच नाही, कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

आणि ते लाकडाचे चिप्स पाण्यात भिजवणं बंद करा! आधी पाण्याची वाफ, मग धुमसणं, परत तोच पांढरा धूर. काटोल-नरखेडकडून संत्र्याच्या छाटणीचं लाकूड मिळालं तर पूर्ण वाळवून वापरा, सौम्य असते, मला पोर्कला तेच आवडते. फर्निचरचे तुकडे, प्लायवूड अजिबात नको.

बाकी फरक बारीक आहेत. तूप नको, रिब्सला स्वतःची चरबी आहे. हाडाकडची पातळ साल ओढून काढा. नवीन स्मोकर आधी दोन-तीन तास रिकामा तापवा, आतलं कारखान्याचं तेल जळून जाते. मीठ, मिरे, थोडा गूळ पुरे, सावजी मसाला धुराखाली दबतो, त्याचा रस्सा वेगळा करा.

मांसाच्या आतलं तापमान 63 डिग्री झालं की पोर्क खायला सुरक्षित होतं पण रिब्स चिवटच लागतात, 90-95 पर्यंत जाऊ द्या. चिमट्याने मधोमध उचलल्यावर वाकून वरून भेगा पडल्या की काढा. कापल्यावर कडेला गुलाबी पट्टा दिसेल, पाहुणे कच्चं म्हणतील, पण धुरातला नायट्रिक ऑक्साइड मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिनला चिकटून तो रंग धरतो. वाढा बिनधास्त.