स्मार्ट टीव्हीची घरगुती वाय-फाय जोडणी

स्मार्ट टीव्हीची घरगुती वाय-फाय जोडणी : इंटरनेटवरून चित्र आणि आवाज घेऊ शकणारा टीव्ही घरातल्या राऊटरला बिनतारी जोडण्याची कृती. सोलापुरात रोजच्या बोलण्यात तिला ‘टीव्हीला वाय-फाय लावणे’ किंवा ‘टीव्हीला नेट देणे’ म्हणतात. मेनूतले काम दोन मिनिटांचे असते. पण जोडणी टिकेल का, रात्री नऊ वाजता चित्र अडकेल का, हे घराच्या भिंती, छप्पर आणि राऊटरची जागा ठरवतात. ही जागा बहुतेक घरांत फायबरवाला तार घेऊन आला त्याच दिवशी ठरून जाते. तार जिथून आत आली तिथे खिळा ठोकायचा आणि डबा टांगायचा. पुढच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ त्या खिळ्यात असते.

वाय-फाय ८०२.११ या मानकावर चालते. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने ते पहिल्यांदा १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. भारतात त्याच्या रेडिओ लहरींचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्झमधला मोठा भाग २०१८ मध्ये. टीव्हीच्या बाजूने पाहिले तर अँड्रॉइड टीव्ही आणि एलजीचे वेबओएस या टीव्ही चालवणाऱ्या प्रणाली २०१४ मध्ये आल्या, सॅमसंगचे टायझेनवर चालणारे टीव्ही २०१५ मध्ये. साध्या एलईडी टीव्हीला एचडीएमआयच्या खाचेत काडी लावून स्मार्ट करण्याची सोयही आहे. फायर टीव्ही स्टिक भारतात २०१७ पासून मिळते. अशी काडी टीव्हीच्याच यूएसबीमधून वीज घेत असेल तर ती अधूनमधून आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते. सोबत आलेला ॲडाप्टर वापरला की बहुतेक वेळा हा त्रास थांबतो.

दोन पट्टे

घरगुती राऊटर मुख्यतः दोन पट्ट्यांत बोलतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते, ५ गिगाहर्ट्झची सहा सेंटिमीटरच्या आसपास. लांब लहर भिंतीतून बरी जाते, पण तिच्यात वेग कमी आणि गर्दी फार. शेजाऱ्यांचे राऊटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन सगळे त्याच पट्ट्यात असतात. आखूड लहरीत वेग भरपूर मिळतो, पण दोन भिंती आड आल्या की तिचा जीव जातो.

यातून एक नेहमीचा घोळ होतो. स्वस्तातल्या बऱ्याच ३२ इंची टीव्हींना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळते. राऊटरची दोन नावे असतात, एक साधे आणि दुसऱ्याच्या शेपटाला ‘५जी’. मोबाइलवर दोन्ही दिसतात, टीव्हीवर एकच. माणूस टीव्ही बिघडला म्हणून दुकान गाठतो. टीव्हीत काही बिघडलेले नसते. नावातल्या ‘५जी’चा मोबाइलच्या ५जीशी काही संबंध नसतो, तो फक्त ५ गिगाहर्ट्झचा उल्लेख असतो. एकही नाव दिसत नसेल तर राऊटरचा चॅनल (टीव्हीचे चॅनल नव्हे, पट्ट्यातली राऊटरची गल्ली) पाहावा. भारतात २.४ मध्ये १ ते १३ चॅनल चालतात, पण काही टीव्हींना आणि काड्यांना १२ आणि १३ ऐकूच येत नाहीत. चॅनल १, ६ किंवा ११ वर ठेवला की नाव दिसू लागते. हे तीन एकमेकांच्या पायात येत नाहीत, म्हणून गर्दीच्या वस्तीतही तेच बरे.

कृती

सेटिंग उघडून नेटवर्कमध्ये जायचे, वाय-फाय चालू करायचे, आपले नाव निवडून पासवर्ड द्यायचा. राऊटर टीव्हीला घरातल्यापुरता एक पत्ता देतो आणि कोपऱ्यातला वाय-फायच्या चिन्हाचा पंखा भरतो. कागदावर एवढेच आहे. खरा वेळ जातो पासवर्ड घालण्यात.

साखर पेठेतल्या मावशीकडे टीव्ही आला तेव्हा मी स्टुलावर चढून राऊटरच्या पोटावरची चिठ्ठी वाचत होतो आणि ती रिमोटने एकेक अक्षर गाठत होती. ‘मोठा एस का बारका?’ ‘बारका गं मावशी. मग ॲटचं चिन्ह.’ ते चिन्ह शोधायला पडद्यावरच्या अक्षरपाटीचे दुसरे पान उघडावे लागले, तेवढ्यात मोठ्या अक्षरांची कळ दाबली गेली आणि पुढचे सगळे मोठ्या लिपीत गेले. तीन वेळा ‘पासवर्ड चुकीचा’. चौथ्या वेळी मी पासवर्डच्या चौकोनाशेजारचे डोळ्याचे चिन्ह दाबायला सांगितले. ठिपक्यांच्या जागी अक्षरे दिसली आणि शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडलेला सापडला. डोळ्याचे हे चिन्ह आधी दाबावे, मग लिहायला घ्यावे. काही टीव्हींची पहिली जोडणी मोबाइलवरच्या ॲपमधून करता येते, ती वाट आणखी सोपी. राऊटरवरची डब्ल्यूपीएस कळ दाबून पासवर्डाशिवायही जोडता येते, पण याच सोयीतल्या आठ आकडी पिनची त्रुटी २०११ मध्ये उघड झाली. म्हणून ती बंद ठेवलेली चांगली.

सोलापूरची घरे

या गावात घराचा एक नमुना नाही, आणि प्रत्येक नमुन्यात लहरींची गत वेगळी आहे.

जुन्या पेठांतली माळवदाची घरे रेंजसाठी सर्वांत अवघड. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात हीच भिंत घर गार ठेवते आणि हीच लहर गिळते. पावसाळ्यात माती ओल धरते तेव्हा आणखीच. फायबर येते रस्त्याकडून ढाळजेत, म्हणजे दाराजवळच्या ओसरीत, राऊटर तिथेच लागतो आणि टीव्ही असतो आत माजघरात. मोबाइल हातात धरून उभे राहिले तर दार उघडे असताना पंख्याच्या तीन रेषा दिसतात, दार लावले की दोन आणि चौकटीपासून हात-दोन हात बाजूला, भिंतीआड सरकले की एक. म्हणजे लहर भिंतीतून फारशी येतच नाही, ती दारातून येते. राऊटर दाराच्या सरळ रेषेत, छातीच्या उंचीवर आणला तर नवे काही विकत न घेता निम्मे दुखणे जाते. फायबरची तार दहा-पंधरा फूट आत वाढवून घ्यायला लाजू नये. जोडणी देणाऱ्या माणसाला त्या दिवशी घाई असते, पण घरात राहायचे आपल्याला असते.

माळवदाच्या घरासाठी माझे मत स्पष्ट आहे : लॅनची, म्हणजे राऊटरपासून थेट टीव्हीपर्यंत जाणारी तार ओढावी. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून ती सहज जाते, शंभर मीटरपर्यंत वेग न घटता चालते आणि भिंत फोडावी लागत नाही. बऱ्याच टीव्हींच्या लॅनच्या खाचेचा वेग सेकंदाला १०० मेगाबिटच असतो, पण टीव्हीला तेवढा पुरून उरतो.

पत्र्याच्या घरांचे गणित निराळे. पत्रा डोक्यावर असेल तर त्याच खोलीतल्या वाय-फायला काही होत नाही. पत्र्याचे पार्टिशन राऊटर आणि टीव्हीच्या मध्ये आले की मात्र लहर आरशावरच्या उजेडासारखी परत फिरते. मोबाइलचा हॉटस्पॉट वापरणाऱ्यांना पत्र्याचा फटका दुसऱ्या बाजूने बसतो : टॉवरची रेंजच आत कमी येते. मोबाइल खिडकीत ठेवून हॉटस्पॉट चालू केला तर फरक लगेच दिसतो.

पूर्व भागात घर आणि कारखाना एकाच छपराखाली असण्याची रीत जुनी. पुढे माग, मागे बिऱ्हाड. लोखंडी मागांची रांग मध्ये असेल तर ५ गिगाहर्ट्झची आशा धरू नये, आणि सुताची बारीक धूळ राऊटरच्या जाळीत बसते ती महिन्याला पुसावी. याउलट कुंभारीजवळच्या रे नगरासारख्या वसाहतीत, जिथे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पहिली १५ हजार घरे कामगारांना दिली गेली, घरे आटोपशीर आहेत आणि लहर कोपऱ्याकोपऱ्यात पोचते. भिंतीला भिंत लागून असलेल्या अशा वस्तीत त्रास जाडीचा नसतो, शेजाराचा असतो. दहा घरांचे राऊटर एकाच चॅनलवर बोलत असतील तर प्रत्येकाला थांबून बोलावे लागते. तिथे टीव्हीला ५ गिगाहर्ट्झ कळत असेल तर तेच द्यावे, कारण आखूड लहर शेजाऱ्याकडेही फारशी जात नाही.

पाण्याचा मुद्दा मुद्दाम सांगण्यासारखा आहे. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, म्हणून घरोघरी बॅरल आणि टाक्या भरून ठेवलेल्या असतात. पाणी या लहरी शोषून घेते. जिन्याखाली ओळीने लावलेली भरलेली बॅरले राऊटर आणि टीव्हीच्या मध्ये येत असतील तर ती पाण्याची भिंतच झाली. राऊटर त्यांच्या वर उचलून लावावा. लोखंडी कपाट, भांड्यांची मांडणी आणि मोठा आरसा यांनाही हाच नियम.

मग ऊन. बहुतेक घरगुती राऊटर ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा त्याच्या वर जातो. पत्र्याखाली, बंद शोकेसमध्ये, वर विणलेला रुमाल टाकलेला राऊटर दुपारी रेंज सोडतो आणि संध्याकाळी आपोआप सुधारतो. अशा राऊटरला दुरुस्तीची गरज नसते, हवेची असते.

वेग आणि डेटा

नेटफ्लिक्स आपल्या ग्राहकांना पूर्ण एचडीसाठी सेकंदाला ५ मेगाबिट आणि ४के साठी १५ मेगाबिट वेग सुचवते. म्हणजे ३० मेगाबिटची साधी जोडणी एका टीव्हीला पुरते. शंभरची घेऊन चित्र अडकत असेल तर दोष घरातल्या शेवटच्या वीस फुटांत शोधावा. मोबाइलवर रेंज मोजणारे ॲप टाकून टीव्हीच्या जागी उभे राहावे. आकडा उणे ६७ डीबीएमपेक्षा (डीबीएम हे लहरीच्या जोराचे माप) बरा, म्हणजे उणे ६०, उणे ५० असा असेल तर व्हिडिओ सुरळीत चालतो. उणे ७५ च्या खाली चक्र गोल गोल फिरत राहते.

हॉटस्पॉटवर टीव्ही पाहणाऱ्यांनी हिशेब करावा. ५ मेगाबिटच्या वेगाने तासाला सव्वादोन जीबी जातात, १५ च्या वेगाने पावणेसात. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये एक सिनेमाही पुरा होत नाही. चित्राचा दर्जा ४८० वर आणला तर निभावते.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येतात आणि सात-आठ मोबाइल एकाच वाय-फायवर चढतात. जुना, मंद मोबाइल तेवढाच मजकूर घ्यायला जास्त वेळ लहरींची वाट अडवून ठेवतो आणि टीव्ही मागे पडतो. पाहुण्यांना राऊटरमधले ‘गेस्ट’ नाव, टीव्ही नसलेल्या पट्ट्यावरचे, द्यावे. त्या नावावरून त्यांना आपल्या टीव्हीवर मोबाइलचे चित्र टाकता येत नाही, कारण कास्टिंगला सहसा दोन्ही उपकरणे एकाच नेटवर्कवर लागतात.

रेंज वाढवायला रिपीटर घेतात आणि टीव्हीशेजारी लावतात. तिथे जी मरतुकडी लहर पोचते तीच तो पुढे देतो. त्याची जागा निम्म्या वाटेवर, जिथे रेंज अजून चांगली आहे तिथे. शिवाय एकाच पट्ट्यावर ऐकून त्याच पट्ट्यावर बोलणारा रिपीटर वेग जवळपास निम्मा करतो.

बिघाड ओळखणे

‘जोडले आहे, इंटरनेट नाही’ हा संदेश नीट वाचला तर अर्धे निदान तिथेच होते. टीव्ही आणि राऊटरचे जमले आहे, राऊटर आणि बाहेरच्या जगाचे बिनसले आहे. मोबाइलचा डेटा बंद करून त्याच वाय-फायवर काही उघडून पाहावे. तिथेही नाही उघडले तर टीव्हीला हात लावू नये. फायबरच्या डब्यावर एलओएसचा (तारेतून संकेत येत नसल्याचे सांगणारा) दिवा लाल असेल तर तार कुठेतरी तुटली किंवा वाकली आहे. रस्ता खणला जात असताना हे हमखास होते. लाल दिवा नसेल तर रिचार्ज संपला का ते पाहावे.

मोबाइलवर चालते आणि टीव्हीवर नाही, अशा वेळी टीव्हीची तारीख बघावी. बरेच दिवस वीज बंद राहिलेल्या टीव्हीचे घड्याळ मागे पडते. सुरक्षित जोडणीत प्रत्येक संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत तपासली जाते, आणि टीव्हीच्या मते आज दोन वर्षांपूर्वीचा दिवस असेल तर तो सगळ्यांनाच नाकारतो. तारीख बरोबर केली की ॲप उघडतात. एवढ्याशा कारणावरून टीव्ही दुरुस्तीला नेलेला मी पाहिला आहे.

लाईट जाऊन आल्यावर टीव्ही अर्ध्या मिनिटात उठतो, राऊटर आणि फायबरच्या डब्याला दोन-तीन मिनिटे लागतात. टीव्ही आधी उठून ‘नेटवर्क नाही’ म्हणतो आणि लोक घाईने पासवर्ड पुसून नव्याने घालायला बसतात. थोडे थांबावे. राऊटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला तर तो बंदच पडत नाही.

सुरक्षा

राऊटरला डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ हे वाय-फायचे कुलूप असावे. फक्त डब्ल्यूपीए३ ठेवले तर जुने टीव्ही जोडले जात नाहीत, म्हणून दोन्हींचा मिश्र पर्याय निवडावा. काही स्मार्ट टीव्ही पडद्यावर काय चालले आहे ते ओळखून त्याची नोंद कंपनीला पाठवतात. विझिओ या अमेरिकी कंपनीला याच कारणावरून २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरावे लागले. ही सोय प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये बंद करता येते आणि पहिल्याच दिवशी करावी. जुना टीव्ही विकताना किंवा एक्स्चेंजमध्ये देताना आधी फॅक्टरी रिसेट करावा, कारण घरच्या वाय-फायचा पासवर्ड आणि सगळ्यांची खाती त्याच्या पोटात तशीच राहिलेली असतात.