आग विझली? सेल्फ मारायच्या आधी हे वाचा
ट्रॅक्टर, हडंबा (मळणीयंत्र) आणि हार्वेस्टरच्या मालकांसाठी

ज्वारीची मळणी सुरू झाली की आमच्या वर्कशॉपला एकाच धर्तीचे फोन येतात. "आग विझवली, फार काही जळलं नाही, पण गाडी चालू होत नाही." आमचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो: सेल्फ किती वेळा मारला? मालक जरा थांबतात आणि म्हणतात, "दोन-चार वेळा बघितला मारून." हे पत्रक त्या दोन-चार वेळांसाठी छापलं आहे.

आग वरून विझलेली दिसते, पण इंजिनावरून गेलेल्या वायरांचं प्लॅस्टिक वितळून आतलं तांबं उघडं पडलेलं असतं. ते एकमेकांना किंवा बॉडीला टेकलेलं असतं. अशा वेळी चावी फिरवली की बॅटरी त्या शॉर्टमधून शेकडो अँपिअर करंट सोडते. बॅटरी बारा व्होल्टची आहे म्हणून तिला साधी समजू नका. वायर लाल होते, शेजारी डिझेल पाझरलेलं असतं, आणि दुसरी आग लागते. पहिल्या आगीत नुसतं वायरिंग गेलेलं असतं, दुसरीत अल्टरनेटर आणि मीटरही जातात. त्यातून इंजिन चालू झालंच तर आणखी वाईट. एअर क्लीनरचा रबरी पाइप वितळलेला असला, तर काजळी आणि विझवायची पावडर सरळ इंजिनच्या सिलिंडरमध्ये ओढली जाते. वायरिंगपुरतं असलेलं काम मग इंजिनचं हेड उतरवण्यापर्यंत जातं, आणि तोवर तुमची मळणी खोळंबते.

म्हणून आग विझल्यावर चावी काढून खिशात टाका. हात घालण्याइतकं गार झालं की बॅटरीची निगेटिव्ह बाजू आधी सोडा, मग पॉझिटिव्ह. डिझेलचा कॉक बंद करा. सायलेन्सरमागे आणि चेसिसच्या सांदीत अडकलेला भुसा आतून धुमसत राहतो, त्यामुळे तासभर कुणीतरी तिथेच थांबलं पाहिजे. नंतर गाडी टोचन करून आणा किंवा आम्हाला बोलवा.

दुसरी खोड म्हणजे पाण्याचा पाइप लावून गाडी चकाचक करून आणणं. आग विझवायच्या लाल सिलिंडरातली एबीसी पावडर ओली झाली की आम्लधर्मी होते आणि तांब्याच्या टर्मिनलांना, अॅल्युमिनियमच्या भागांना खाते. आज चालणारा कनेक्टर महिन्याभरानं दगा देतो आणि नाव आमच्या दुरुस्तीचं खराब होतं. पावडर कोरडीच राहू द्या, आम्ही ती हवेनं आणि ब्रशनं काढतो. त्याचे पैसे लावतो म्हणून काहीजण कुरकुरतात, पण अर्धा दिवस त्यातच जातो.

"जळाल्या तेवढ्या वायरांना टेप मारून द्या की," असंही म्हणतात. आम्ही देत नाही. उष्णता लागलेली वायर बाहेरून धड दिसते, पण आतून कडक होऊन चिरते. जिथवर रंगाला फोड आले आहेत तिथवरचं वायरिंग, डिझेलचे रबरी पाइप आणि हायड्रॉलिकचे होज आम्ही बदलतोच. स्वस्तात करून देणारे गावोगाव आहेत. त्यांच्याकडून आलेल्या गाड्याही आम्ही पाहिल्या आहेत.

विम्याचंही ऐका. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या ट्रॅक्टरच्या आगीचे पैसे मिळत नाहीत. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत हडंबा धरलेला आहे असंही गृहीत धरू नका, कागद काढून बघा. विमा असेल तर गाडी हलवायच्या आधी चारी बाजूंनी फोटो घ्या, कंपनीला त्याच दिवशी कळवा, पंचनामा करून घ्या. विमा कंपनीचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत आम्ही एक नटही सोडत नाही. त्यात दिवस जातात हे मान्य, पण खोललेल्या गाडीचा क्लेम अडकतो तेव्हा जाणारे दिवस जास्त असतात.

आग लागूच नये म्हणून

हडंब्यावर ट्रॅक्टर तासन्‌तास एका जागी उभा राहून चालतो. नांगरणी-वखरणीत भुसा नसतो. इथे तो उडून मॅनिफोल्डवर (इंजिनाचा गरम धूर सायलेन्सरकडे नेणारा भाग), टर्बोवर, रेडिएटरच्या जाळीवर बसत राहतो. लोडवर मॅनिफोल्ड चारशे अंशांच्या वर तापतो, आणि वाळला भुसा पेटायला त्याहून बराच कमी ताप पुरतो. वाऱ्याची दिशा बघून, भुशाचा झोत ट्रॅक्टरवर येणार नाही असं मशीन लावा. दर दोन-तीन तासांनी मशीन बंद करा, जाळी आणि मॅनिफोल्डभोवतीचा भुसा झाडा, शाफ्टला गुंडाळलेलं काड कापून काढा. बेअरिंगच्या घरावर हात ठेवून बघा. चटका बसला तर ग्रीस तरी संपलंय किंवा बेअरिंग तरी. डिझेल भरायचं ते इंजिन बंद करून, गार झाल्यावर.

कडब्याची ट्रॉली उंच भरून विजेच्या तारांखालून नेऊ नका. तार लोंबत असेल तर महावितरणला १९१२ वर आधीच सांगा.

हडंब्याजवळ सहा किलोचा एबीसी सिलिंडर हवा, गाडीवर निदान दोन किलोचा. सहा किलोची पावडरसुद्धा पंधरा-वीस सेकंदांतच संपते, त्यामुळे ती ज्वाळांवर न मारता बुडाशी मारायची. बॉनेट धाडकन उघडू नका, हवा लागून भडका उडतो, फटीतून मारा. डिझेल पेटलं असेल तर पाणी टाकू नका, ते पेटतं डिझेल घेऊन पसरतं. आग आटोक्यात येत नसेल तर गाडी सोडून लांब व्हा आणि १०१ किंवा ११२ लावा.

सिलिंडर आमच्याकडे मिळतात, क्लॅम्पसकट बसवून देतो. मळणीआधीच्या तपासणीत वायरिंग, डिझेल लाइन, बेअरिंग, पट्टे आणि सायलेन्सरचे जोड बघतो. जानेवारीत आणलेली गाडी संध्याकाळपर्यंत परत जाते. फेब्रुवारीत मोहोळ-मंगळवेढ्याकडची सगळी गर्दी एकदम येते, तेव्हा नंबर लावूनच या. हडंबा आणताना आतलं काड आणि भुसा काढून आणा, नाहीतर सकाळ त्याच्या सफाईतच जाते.