आटलेल्या धरणावरची गर्दी

सायप्रसला पक्षी बघायला जाणाऱ्याने धरण भरलेलं असावं अशी इच्छा धरू नये. तिथल्या शेतकऱ्यासमोर हे बोलायचं धाडस मी करणार नाही. २००८ साली या बेटावर ग्रीसहून जहाजाने पाणी आणायची वेळ आली होती. पण चिखल्या, तुतवार, शेकाट्या या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना काठोकाठ धरणाचा उपयोग काय? पाय बुडतील आणि चोच तळाला टेकेल, एवढ्याच पाण्यात त्यांचं पोट भरतं.

पाफोसजवळचं आस्प्रोक्रेमोस धरण घ्या. ते ज्या नदीवर आहे तिचं नाव झेरोपोतामोस, म्हणजे ‘कोरडी नदी’! १९६० मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर ‘एक थेंबही समुद्रात जाऊ द्यायचा नाही’ असं धोरण ठरलं आणि बेटावर शंभराहून जास्त धरणं झाली. इथे पाऊस पडतो हिवाळ्यात. उन्हाळाभर उपसा चालतो, फुगवट्याचं शेपूट, म्हणजे धरणाच्या पाण्याचं वरच्या बाजूचं उथळ टोक, उघडं पडतं आणि गाळातल्या अळ्या, किडे चोचीच्या टप्प्यात येतात. नेमके त्याच सुमारास, ऑगस्ट-सप्टेंबरात, उत्तरेकडून आफ्रिकेला निघालेले पक्षी समुद्र ओलांडण्याआधी इथे उतरतात. आपल्या उजनीवर उलटं असतं. पाहुणे येऊ लागतात तेव्हा धरण भरत आलेलं असतं. गाळपेरीची, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरायची जमीन मोकळी व्हायला पुढचे महिने जातात.

या धरणांचं पाणी येतं ट्रूडोसच्या डोंगरावरून. उंची १,९५२ मीटर, वर पाइनचं जंगल, हिवाळ्यात बर्फ. हा भूभाग समुद्रतळ वर उचलला जाऊन तयार झाला. चहूकडे समुद्र, त्यात खाली रखरखाट, म्हणजे हे जंगल बेटातलं बेटच. इथल्या कोल टिट या छोट्या पक्ष्याची आणि वाकड्या चोचीच्या क्रॉसबिल पक्ष्याची उपजात जगात दुसरीकडे नाही.

माझा लाडका मात्र सायप्रसचा रणगोजा. काळा-पांढरा, मूठभर. तो फक्त याच बेटावर वीण घालतो आणि हिवाळ्यात सुदान-इथिओपियाकडे जातो. रणगोजा म्हटलं की आपण दगडावर, ढेकळावर नजर टाकतो. हा झाडाच्या शेंड्यावर बसतो आणि त्याचं गाणं सिकाडा किड्याच्या किरकिरीसारखं असतं. नवखा माणूस झुडपात किडा शोधत वाकलेला असतो आणि गवई डोक्यावर.