मेरुरज्जूची इजा आणि हालचाल

मेंदूचे आदेश स्नायूंपर्यंत नेणारे मेरुरज्जूतील, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या चेतातंतूंच्या दोरातील, मार्ग तुटले किंवा दबले, की इजेच्या खालच्या शरीरावरचा ऐच्छिक ताबा अंशतः किंवा पूर्णपणे जातो. सातारा-सांगलीकडे याला सरसकट ‘कमरेखालचं गेलं’ म्हणतात. कारणे ओळखीची आहेत : झाडावरून किंवा पत्र्यावरून पडणे, महामार्गावरचा अपघात, उन्हाळ्यात पाणी उतरलेल्या विहिरीत डोक्याकडून सूर मारणे, क्वचित कुस्तीत मानेवर आदळणे.

हालचालीचा मुख्य मार्ग मेंदूच्या बाह्यकातून, म्हणजे बाहेरच्या थरातून, निघतो. मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत, त्याचे बहुतेक तंतू बाजू बदलतात आणि मेरुरज्जूतून खाली येऊन तिथल्या प्रेरक पेशींना, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींना, भेटतात. या पेशींचे तंतू पुढे स्नायूंत जातात. बाजूबदल वरच उरकलेला असल्यामुळे मेरुरज्जूच्या उजव्या अर्ध्या भागाला इजा झाली, तर उजवाच पाय लुळा पडतो. वेदना आणि गरम-गार मात्र डाव्या पायाला कळेनासे होते.

काय वाचेल हे इजेच्या पातळीवर ठरते. श्वासपटलाची (छाती-पोटामधल्या श्वासाच्या स्नायूची) चेता मेरुरज्जूच्या मानेतील ३ ते ५ क्रमांकांच्या खंडांतून निघते. या खंडांच्या वर झालेली पूर्ण इजा श्वासच थांबवते. पाचवा खंड शाबूत असेल तर कोपर वाकते, सहावा असेल तर मनगट वर उचलता येते. मनगट उचलले की बोटे आपोआप थोडी मिटतात आणि बोटांत स्वतःचा जोर नसतानाही पेला धरता येतो. मनगट वर असताना बोटे ताणून सरळ करणारा हौशी चोळणारा नेमकी हीच पकड घालवतो.

इजेनंतर काही दिवस ते आठवडे खालचा भाग पूर्ण सैल असतो, प्रतिक्षिप्त क्रियाही थंडावतात. मग त्या परततात, आणि जास्तच जोराने : पाय ताठतात, पांघरूण ओढले तरी झटके देतात. घरच्यांना वाटते, पाय हलू लागला. पण इजेखालच्या प्रेरक पेशी जिवंत असतात आणि मेंदूचा लगाम सुटल्याने स्वतःच उत्तर देत असतात. अशा झटक्यांवरून सुधारणा मोजता येत नाही. सांगितल्यावर अंगठा हलला, किंवा गुदद्वारापाशी स्पर्श कळला, तर ती खरी आशेची खूण. इजा अपूर्ण असल्याचे त्यावरून समजते.

प्रौढांत मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, त्याखाली चेतांची मुळेच असतात. ती चिरडली तर ताठरपणा येत नाही; पाय सैलच राहतात आणि स्नायू झिजतात. उंचावरून पडल्यावर मणका बहुधा रज्जू संपून मुळे सुरू होतात त्याच जागेच्या आसपास मोडतो, म्हणून एकाच रुग्णात दोन्ही प्रकारची लक्षणे मिसळलेली दिसतात.

मानेचे मणके झिजलेले वृद्ध नुसते तोंडावर पडले, मणका मोडला नाही, तरी मानेतील मेरुरज्जूचा आतला गाभा दुखावू शकतो. असा माणूस चालत दवाखान्यात येतो, पण त्याला शर्टाची बटणे लावता येत नाहीत.

मेरुरज्जूत तुटलेले लांब तंतू सहसा पुन्हा वाढत नाहीत : व्रणपेशी आणि तंतूंच्या आवरणातील काही रेणू त्यांची वाट अडवतात. मणक्याच्या क्षयाची गोष्ट वेगळी. तिथे पू आणि ढासळलेला मणका रज्जूवर हळूहळू दाब आणतात. आधी चाल ताठर होते, मग पाय अडखळतात. तंतू नुसते दबलेले असतील, तर क्षयाच्या औषधांनी, गरज पडल्यास शस्त्रक्रियेने, असा रुग्ण अनेकदा पुन्हा चालू लागतो. १८९४ पासून रुग्णालयांचे गाव असलेल्या मिरजेला त्याला चाल बिघडताच नेणे, पाय पूर्ण जाण्यापूर्वी, हे यात सर्वांत महत्त्वाचे.