तिएग्वानयिन: हिरवा कुठून घ्यावा, भाजलेला कुठून

"तू दिलेला चहा जळलाय. मागच्या वेळचा कसा हिरवागार होता! पैसे परत माग त्यांच्याकडून." आत्याचा फोन. ती सदाशिव पेठेत राहते, त्यामुळे शेवटचं वाक्य हा सल्ला नव्हता. संध्याकाळी गेलो तर ओट्यावर दोन्ही पाकिटं मांडून ठेवली होती, पुराव्यासारखी. दोन्हींवर नाव एकच: तिएग्वानयिन. एकातल्या गोळ्या गर्द हिरव्या, दुसरीतल्या तपकिरी-काळ्या.

चूक माझी होती. एकाच नावाचे दोन चहा असतात हे मी तिला सांगितलंच नव्हतं. विकणारेही बऱ्याचदा सांगत नाहीत, आणि ऑनलाइन मागवताना खरी फसगत इथेच होते.

तिएग्वानयिन हा चीनच्या फुजियान प्रांतातल्या आन्शी भागातला ऊलाँग, म्हणजे ग्रीन टी आणि आपला नेहमीचा काळा चहा यांच्या मधला प्रकार. (पाकिटावर 'टी क्वान यिन' लिहिलं असेल तरी वस्तू तीच.) तिए म्हणजे लोखंड. ग्वानयिन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेऊन उभा असलेला पद्मपाणी हे त्याचंच रूप, चीनमध्ये गेल्यावर तो करुणेची देवी झाला. आत्याला हे फार आवडलं, पण तक्रार तिने मागे घेतली नाही.

ऊलाँग करताना पानं आधी उन्हात कोमेजवतात, मग बांबूच्या पिंपात घोळवतात. घोळवताना कडा ठेचकाळतात आणि हवा लागून लाल पडायला लागतात. ती लाली कुठवर चढू द्यायची आणि उष्णता देऊन कुठे थांबवायची, यातच कारागिराचं कसब. पुढे पानं फडक्यात आवळून पुन्हा पुन्हा मळतात, म्हणून त्यांच्या गोळ्या होतात. हिरव्या प्रकाराला चिनी लोक छिंगश्यांग म्हणतात, म्हणजे हलक्या, स्वच्छ सुगंधाचा. यात लाली फार चढू देत नाहीत आणि शेवटी चहा फक्त वाळवतात. कपात फिकट पोपटी पाणी उतरतं आणि वास थेट फुलांचा. दुसरा नोंगश्यांग, दाट सुगंधाचा. तो वाळवल्यावर मंद आचेवर तासन् तास भाजतात. पाणी मधाच्या रंगाचं, चव खमंग. आत्याला म्हटलं, "अगं, डाळी-तांदूळ तेच, पण पीठ वेगळं आणि भाजणी वेगळी. भाजणीला कुणी जळकी म्हणतं का?"

"करपली तर म्हणतात," आत्या म्हणाली.

तिचं खरं होतं. शिळा झालेला हिरवा माल पुन्हा कडक भाजून खपवणारे लोक आहेतच. ओळखायला सोपं आहे. सात ग्रॅम चहा शंभर मिलिलिटर उकळत्या पाण्यात, झाकण असलेल्या छोट्या भांड्यात, आणि त्याच पानांवर पुन्हा पुन्हा पाणी ओतायचं. पुण्यात पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं, तेवढं पुरतं. नीट भाजलेला असेल तर तिसऱ्या-चौथ्या पाण्याला गोळी उलगडून अख्खं मऊ पान हाताला लागतं. करपलेली गोळी मूठ आवळून बसल्यासारखी काळीच राहते. आत्याची पानं तिसऱ्या पाण्याला उलगडली.

आता दुकानांकडे येऊ, कारण चहा दोन असले की दुकानंही दोन लागतात.

हिरव्याचा वैरी म्हणजे वेळ. त्याचा फुलांचा वास काही महिन्यांत उतरतो. म्हणूनच तो सात-आठ ग्रॅमच्या हवा काढलेल्या पुड्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवतात. असा चहा आपल्याकडच्या आयातदाराने कधीतरी आणलेला, कुठल्यातरी गोदामात एक उन्हाळा काढलेला, पाकिटावर 'दोन वर्षं उत्तम' छापलेला घेतला, तर पालकाच्या पाण्यासारखा लागतो. मी स्वतः एकदा घेतला होता. म्हणून हिरवा हवा असेल तर चीनमधून थेट पाठवणारं दुकान बघा, आणि तिथेही तोडणीचा हंगाम आणि साल लिहिलेलं असेल तरच घ्या. युन्नान सोर्सिंगसारखी दुकानं बऱ्याच चहांच्या नावातच हे देतात. आन्शीत वसंतातली तोडणी साधारण मेच्या सुरुवातीला होते आणि शरदातली ऑक्टोबरच्या सुमारास, म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीच्या आगेमागे. वसंतातल्याला अंग (भरीव चव), शरदातल्याला सुगंध, असं तिकडे म्हणतात. मी शरदातला मागवतो. पार्सल हिवाळ्यात येतं, पावसाळ्याच्या दमटपणातून सुटतं. अलीएक्स्प्रेसच्या वाटेला जाऊ नका, त्या ॲपवर नोव्हेंबर 2020 पासून आपल्याकडे बंदी आहे. पैसे भरण्याआधी दुकान भारतात पाठवतं का ते बघा. चहावर आपल्याकडे सीमाशुल्क जबर आहे आणि ते दारात पोस्टमनला द्यावं लागू शकतं. म्हणून पहिल्यांदा 25 ग्रॅमच.

भाजलेल्यासाठी एवढा खटाटोप नको. तो टिकाऊ असतो, उलट ताज्या भाजणीचा धुरकटपणा दोन-चार महिन्यांत निवळतो. इथे भारतातला आयातदार परवडतो: शुल्क त्याने भरलेलं असतं, पार्सल चार दिवसांत कोथरूडला, आणि तक्रार करायला माणूस सापडतो. पाकिटावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी क्रमांक आणि आयातदाराचं नाव-पत्ता पाहा. ऑनलाइन विक्रेत्याला मूळ देशही दाखवावाच लागतो. तिथे 'भारत' असेल तर तो दार्जिलिंग किंवा निलगिरीकडचा ऊलाँग. त्यात फसवणूक नाही. दार्जिलिंगची जुनी झुडपं मुळात चीनहूनच आली आहेत आणि तिथले काही ऊलाँग सुरेख असतात. पण तो तिएग्वानयिन नव्हे. आणि ज्या पानावर चवीबद्दल ओळ नाही, फक्त पोट कमी होण्याच्या गप्पा आहेत, तिथून मी लगेच बाहेर पडतो.

दोन्ही प्रकारांत आणखी एक भानगड म्हणजे बेनशान. आन्शीतलंच दुसरं वाण. गोळ्या जवळजवळ तशाच, चव थोडी पातळ. तो तिएग्वानयिन म्हणून विकला जातो. आपल्याकडे आंबेमोहोर सांगून इंद्रायणी गळ्यात मारावा तसं. इंद्रायणी चांगलाच तांदूळ आहे, मऊ भात हवा तर मी तोच घेतो, पण आंबेमोहोरच्या भावाने नाही. जो दुकानदार बेनशान वेगळा, त्याच्या नावाने आणि कमी भावात ठेवतो, त्याच्या तिएग्वानयिनवर मी भरवसा ठेवतो. तारांकनं नि शेरे मी फार मनावर घेत नाही. लोक पाच तारे डब्याच्या रंगालाही देतात.

(फुजियानमधल्याच वुयी डोंगरातला दा हाँग पाओ हा नामांकित ऊलाँग वेगळाच विषय. एवढंच सांगतो, 'मूळ झाडांचा' असं कुणी लिहिलं असेल तर पान बंद करा. त्या झाडांची तोडणी 2006 पासून थांबवलेली आहे.)

आत्याने शेवटी भाजलेलं पाकीट ठेवून घेतलं, कारण ते साध्या बरणीत राहतं. हिरव्याच्या उरलेल्या तीन पुड्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून मी फ्रीजमध्ये सरकवल्या, लसणाच्या चटणीपासून लांब, कारण चहा आजूबाजूचा वास पटकन उचलतो. पुडी बाहेर काढल्यावर लगेच फोडायची नाही, गारवा जाऊ द्यायचा, नाहीतर आत पाणी सुटतं. हे तिला दोनदा सांगितलं. तिने डब्यावर कागद चिकटवला: 'चहा. घाई नको.'