शस्त्रक्रिया शिबिर आणि सर्जन प्रशिक्षण: आफ्रिकेतल्या मिशन रुग्णालयांतली एक नेहमीची गल्लत

आफ्रिकेतल्या मिशन रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरचा फोटो बहुधा सारखाच असतो. टेबलाच्या एका बाजूला परदेशी सर्जन, दुसऱ्या बाजूला तिथला तरुण डॉक्टर आणि खाली ‘वैद्यकीय मिशन’ ही ओळ. पण तो फोटो दहा दिवसांच्या शस्त्रक्रिया शिबिराचा असू शकतो किंवा पाच वर्षांच्या सर्जन प्रशिक्षणाचाही. देणगी देणारे इथे फसतात आणि तिकडे काही आठवडे जाऊ पाहणारे आपल्याकडचे डॉक्टरही. म्हणून आधी पाहावं ते एकच, चाकू कोणाच्या हातात आहे.

शिबिरात तो पाहुण्याच्या हातात असतो. रुग्ण आधीच तपासून, निवडून ठेवलेले असतात. हर्निया, हायड्रोसिल (अंडकोशात पाणी साचणं), गलगंड, दुभंगलेला ओठ अशी, तारीख देऊन करता येणारी ही कामं. ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी जुना दहाचा नियम आहे: बाळ किमान १० आठवड्यांचं, वजन १० पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, हिमोग्लोबिन १० ग्रॅम. कुपोषित बाळ यात बसत नाही, त्याला परत पाठवावं लागतं. मग त्याची पाळी पुढचं शिबिर येईल तेव्हा.

शिबिरातल्या चुका बहुतेक वेळा हाताच्या नसतात, वेळेच्या असतात. गलगंड काढल्यावर गळ्यात रक्त साचून श्वास कोंडण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक. कॅल्शियम उतरून बोटांना मुंग्या आणि पेटके येतात ते साधारण २४ ते ७२ तासांत. जखमेत पू दिसू लागतो पाचव्या-सातव्या दिवशी, आणि जंतुसंसर्गाची नोंद तर ३० दिवसांपर्यंत ठेवायची असते. टीम तोवर विमानात बसलेली. म्हणून जाणती टीम मोठ्या शस्त्रक्रिया पहिल्या दोन-तीन दिवसांत उरकते आणि शेवटचे दोन दिवस किरकोळ कामांना ठेवते. संपूर्ण थायरॉइड ग्रंथी काढली की थायरॉक्सिनच्या गोळ्या कायम घ्याव्या लागतात. त्या वर्षभर मिळण्याची जिथे खात्री नाही, तिथे शक्य असेल तेव्हा अशी टीम ग्रंथीची एकच बाजू काढते. अमेरिकेतून आणलेली यंत्रं हा आणखी एक ठरलेला घोटाळा. ट्रान्सफॉर्मर २४० व्होल्टचे ११० करून देतो, पण ५० हर्ट्झचे ६० करत नाही. मग मोटर असलेलं यंत्र मंद चालतं, तापतं आणि शेवटी कोपऱ्यात जाऊन बसतं.

तरीही शिबिराला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. फाटलेला ओठ शिवून घेतलेल्या मुलाचं आयुष्य खरोखर बदलतं. मात्र शिबिराच्या वेळापत्रकात काय बसूच शकत नाही, ते पाहायला हवं. जागतिक शस्त्रक्रियेवरच्या लॅन्सेट आयोगाने २०१५ साली तीन शस्त्रक्रिया कसोटी म्हणून सांगितल्या: सिझेरियन, पोट उघडून करायची शस्त्रक्रिया आणि हाड बाहेर आलेल्या फ्रॅक्चरचे उपचार. या तिन्ही जिथे होतात, त्या रुग्णालयाची शस्त्रक्रिया व्यवस्था उभी आहे असं समजावं, आणि तिथे दोन तासांत पोहोचता यावं. यातली एकही तारीख ठरवून येत नाही. उलट रुग्णालयात दोनच टेबलं असतील आणि दोन्ही शिबिराने अडवली असतील, तर रात्री आलेल्या बाळंतिणीलाच थांबावं लागतं.

प्रशिक्षणाची बांधणी नेमकी या जागी सुरू होते. पॅन-आफ्रिकन अकॅडमी ऑफ ख्रिश्चन सर्जन्स ही संस्था १९९६ साली उभी राहिली. गॅबॉनमधलं बोंगोलो, केनियातली टेनवेक आणि किजाबे, इथिओपियातलं सोड्डो ही तिची काही प्रशिक्षण केंद्रं. जनरल सर्जरीचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा. आफ्रिका खंडाच्या पूर्व, मध्य आणि दक्षिण भागांत परीक्षा घेतं ते कोसेक्सा, म्हणजे १९९९ साली स्थापन झालेलं प्रादेशिक सर्जन महाविद्यालय. याला स्वतःचे वर्ग नाहीत. मान्यताप्राप्त रुग्णालय हीच शाळा. दोन वर्षांनी सदस्यत्वाची परीक्षा, पाच वर्षांनी फेलोशिपची.

रोजच्या कामात हे चार पायऱ्यांनी चढतं. आधी निवासी डॉक्टर मदतनीस. मग चाकू त्याच्या हाती आणि गुरू समोर हात धुऊन उभा. मग गुरू थिएटरमध्ये, पण हात न धुता, म्हणजे शस्त्रक्रियेत हात न घालता. शेवटी गुरू फक्त फोनवर. प्रत्येक केस लॉगबुकात, म्हणजे शस्त्रक्रियांच्या नोंदवहीत, आपली भूमिका काय होती त्यासकट. हे सगळं सावकाश चालतं. शिकाऊ हाताला एकाच हर्नियासाठी बराच जास्त वेळ लागतो, आणि वर्षाअखेरीचा शस्त्रक्रियांचा आकडा शिबिरापुढे फिका दिसतो. देणगीदार इथेच नाराज होतात.

पण जे तिथे उपलब्ध आहे त्यावरच शिकणं, हा प्रशिक्षणाचा मोठा गुण आहे. शिबिरवाले हर्नियाची जागा बळकट करायला बसवायची महागडी जाळी बॅगेतून आणतात, बॅग रिकामी झाली की जाळीही संपली. याला पर्याय म्हणजे मच्छरदाणीच्या कापडाची जाळी, आणि त्यात आपल्या धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. टोणगावकर अग्रणी होते. पुढे युगांडात झालेल्या तुलनात्मक चाचणीत (२०१६) अशी स्वस्त जाळी महागड्या जाळीइतकीच टिकाऊ ठरली. ती ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर निर्जंतुक करतात. नेहमीच्या सवयीने १३४ वर लावली तर आकसते. टेनवेकच्या परिसरात अन्ननलिकेचा कर्करोग फार. उशिरा आलेल्या रुग्णाला निदान गिळता यावं म्हणून दुर्बिणीतून धातूचा स्टेंट, म्हणजे अन्ननलिका उघडी ठेवणारी जाळीदार नळी, बसवणं, हे तिथल्या निवासी डॉक्टरांचं नेहमीचं काम. आठवड्याभराच्या भेटीत हा हात बसत नाही.

एकटा सर्जन घडवूनही भागत नाही. भूल देणारं कोणी नसेल तर टेबल रिकामंच राहतं. म्हणून किजाबेत परिचारक-परिचारिकांना भूल देण्याचं दीड वर्षाचं शिक्षण देतात. मलावीसारख्या देशात तर जिल्हा रुग्णालयातली बहुतेक सिझेरियन्स क्लिनिकल ऑफिसर करतात. हे एमबीबीएस नव्हेत, तीन वर्षांची पदविका आणि एक वर्षाची इंटर्नशिप केलेले लोक आहेत. त्यांना ‘अर्धे डॉक्टर’ म्हणणाऱ्याने त्या जिल्ह्यात रात्रपाळीला दुसरं कोण असतं, ते विचारावं.

रुग्णालय-जहाजं शिबिर आणि प्रशिक्षण या दोन्हींच्या मधे येतात. ग्लोबल मर्सी या जहाजावर सहा थिएटरं आहेत. जहाज एका बंदरात महिनोन्‌महिने थांबतं, त्यामुळे टाके काढेपर्यंत टीम जागेवर असते आणि स्थानिकांना शिकवायलाही सवड मिळते.

तिकडे जायचं ठरवलेल्या सर्जनने आधी रुग्णालयाला पत्र लिहून तीन गोष्टी विचाराव्यात: निवासी डॉक्टर कितव्या वर्षाला आहेत, त्यांच्या लॉगबुकात कोणत्या केसेस कमी पडताहेत, आणि रुग्णालय स्वतः टाक्यांसाठी कोणता धागा विकत घेतं. मग तोच धागा वापरून, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभं राहून शिकवावं. लॉगबुकातल्या ‘सर्जन’ या रकान्यात नाव त्या निवासी डॉक्टरचं, आपलं ‘सहायक’ या रकान्यात.