शाई जाते कुठे?

घरगुती इंकजेट प्रिंटर वापरून झिजतो कमी, पडून राहून बिघडतो जास्त. प्रिंट, स्कॅन आणि झेरॉक्स ही तिन्ही कामं करणारं स्वस्त यंत्र बहुतेक वेळा याच जातीचं असतं. महिन्याला दहा पानं काढणाऱ्याची शाई भराभर संपते, आणि रोज चार पानं काढणाऱ्याचा प्रिंटर मात्र विनातक्रार चालत राहतो. शाई कुठून कुठे जाते हे पाहिलं की याचा उलगडा होतो.

प्रिंट हेड म्हणजे कागदावर शाई फेकणारा भाग. त्याच्या तळाला शेकडो छिद्रं असतात, एकेक साधारण २० मायक्रॉन रुंद. माणसाचा केस याच्या तिपटीहून जाड असतो. थर्मल पद्धतीत प्रत्येक छिद्रामागे एक सूक्ष्म हीटर असतो. वीज मिळताच तो काही मायक्रोसेकंदांत ३०० अंश सेल्सियसच्या आसपास तापतो. त्याला लागून असलेल्या शाईच्या पातळ थराची वाफ होते, बुडबुडा फुगतो आणि पुढची शाई बाहेर फेकली जाते. बुडबुडा विरला की त्या जागी नवी शाई ओढली जाते. हे सेकंदाला हजारो वेळा घडतं. १९७७ मध्ये कॅननमध्ये इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेत तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजला टेकलं, सुईतून शाई उडाली आणि त्यातून ही कल्पना निघाली. ह्यूलेट-पॅकार्डने स्वतंत्रपणे तीच वाट शोधली आणि १९८४ मध्ये थिंकजेट बाजारात आणला. एप्सनच्या इंकजेटमध्ये हीटर नसतो. तिथे वीज दिल्यावर वाकणारा पिझो स्फटिक शाई ढकलतो.

एक थेंब काही पिकोलिटरचा. पिकोलिटर म्हणजे मिलीलिटरचा शंभर कोटीवा भाग. तो ५ पिकोलिटरचा धरला तर ५ मिलीलिटर शाईत असे १०० कोटी थेंब निघतात. म्हणून एवढीशी कार्ट्रिजही बरीच पानं काढू शकते, पण शाई कागदावर पडली तरच.

शाईत बहुतांशी पाणीच असतं. सोबत रंग आणि लवकर सुकू नये म्हणून ग्लायकॉलसारखे द्रव. पाणी उडून गेलं की छिद्राच्या तोंडाशी दुधावर धरावी तशी साय धरते आणि बुडबुड्याच्या जोराने ती फुटत नाही. हे टाळायला प्रिंटर छपाईनंतर हेड एका कडेला नेऊन रबरी टोपीवर बसवतो. ही टोपी नीट बसणं हाच या यंत्राच्या आरोग्याचा कणा आहे. त्यामुळे प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करावा आणि त्याचे आवाज थांबेपर्यंत भिंतीवरचा स्विच बंद करू नये. छपाई चालू असताना वीज तोडली तर हेड मध्येच उघडं राहतं आणि काही दिवसांत सुकतं. दुसरीकडे, वीज पूर्ण तोडून पुन्हा दिली की बरेच प्रिंटर आधी हेड साफ करतात आणि त्यात शाई खर्च होते. रोज भिंतीवरून बंद-चालू करण्यापेक्षा यंत्र स्टँडबायवर ठेवलेलं परवडतं. आठवड्यातून एकदा चारही रंग असलेलं एक पान काढलं की छिद्रं मोकळी राहतात.

पुसट किंवा रेघा पडलेली छपाई आली तर लगेच क्लीनिंग, म्हणजे शाई ओढून हेड साफ करण्याची सोय, चालवू नका. आधी नोझल चेक, म्हणजे छिद्रं तपासण्याचं चाचणी पान, काढा. त्यात प्रत्येक रंगाच्या बारीक, तुटक रेघांची जाळी उमटते. लागोपाठ दोनदा काढून दोन्ही कागद शेजारी ठेवा. रेघा त्याच ठिकाणी गायब असतील तर तिथली छिद्रं तुंबली आहेत. गायब रेघांची जागा बदलत असेल तर शाई पुरत नाही किंवा नळीत हवा शिरली आहे. अशा वेळी क्लीनिंगवर क्लीनिंग करून उपयोग नाही, प्रिंटर काही तास तसाच ठेवावा. तुंबलेलं असेल तर क्लीनिंग दोनदा, फार तर तीनदा करावं, मग रात्रभर थांबावं. टोपीखालच्या ओलसर शाईने सुकलेली साय बरेचदा आपसूक मऊ होते.

हेड कार्ट्रिजमध्येच असेल तर आणखी एक उपाय आहे. धागे न सुटणारं कापड कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पिळा, त्याची घडी करा आणि कार्ट्रिजची छिद्रांची बाजू त्यावर पाच मिनिटं टेकवून ठेवा. तांब्याच्या पट्ट्यांना बोट लावू नका. मग कोरड्या कापडावर हलकेच दाबा, घासू नका. रंगीत कार्ट्रिज असेल तर निळसर, गुलाबी आणि पिवळा असे तीन वेगळे ठसे उठायला हवेत. एखादा उठलाच नाही तर तो रंग संपला आहे किंवा अजून अडकलेला आहे. पूर्ण रिकाम्या कार्ट्रिजवर मात्र छपाई रेटू नये: थर्मल हेडला थंड ठेवण्याचं काम शाईच करते, आणि कोरडा तापलेला हीटर कायमचा जातो.

क्लीनिंगमध्ये ओढलेली शाई यंत्राच्या तळाशी असलेल्या स्पंजसारख्या पॅडमध्ये जिरते. प्रिंटर या वाया गेलेल्या शाईचा अंदाजे हिशेब ठेवतो आणि मर्यादा आली की छपाई थांबवतो. काही मॉडेलमध्ये हा पॅड डब्यासारखा बाहेर काढून बदलता येतो, काहींत सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. खरेदीच्या वेळी विचारायलाच हवा असा हा प्रश्न आहे.

शाई खाणारी आणखी एक गोष्ट सेटिंगमध्ये दडलेली असते. नुसता काळा मजकूर छापतानाही रंगीत शाई खर्च होऊ शकते, कारण तीन रंग मिसळूनही काळा करता येतो. कागदाचा प्रकार चुकून ‘फोटो पेपर’ राहिला असेल तर हमखास असं होतं: बऱ्याच प्रिंटरमधली काळी शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांची असते, ती चकचकीत कागदावर नीट धरत नाही, म्हणून यंत्र रंग मिसळून काळा बनवतं. साध्या कामासाठी ‘प्लेन पेपर’ आणि ग्रेस्केलमध्ये ‘फक्त काळी शाई’ हे दोन्ही निवडा. खोक्यावर लिहिलेली पानांची संख्या साधारणपणे आयएसओ/आयईसी २४७११ या चाचणीची असते. ती ठरावीक पानं जवळपास सलग छापून काढलेली असते. आठवड्याला दोन पानं काढणाऱ्याला तो आकडा गाठता येत नाही, कारण मधल्या क्लीनिंगची शाई त्यात फारशी धरलेलीच नाही.

स्कॅनरचं काम त्यामानाने सोपं. स्वस्त यंत्रात काचेखाली सीआयएस (कॉन्टॅक्ट इमेज सेन्सर) प्रकारची पट्टी सरकते. तिच्यातले लाल, हिरवे, निळे एलईडी आळीपाळीने लुकलुकतात आणि सेन्सरची रांग एकेक ओळ टिपते. काचेपासून किंचित उचललेली वस्तूही तिला धूसर दिसते, म्हणून जाड पुस्तकाच्या शिवणीजवळची अक्षरं जातात. पुस्तक हळूच दाबून धरा. कागदपत्रांना ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० बिंदू, पुरे. त्यात ए-४ पान २४८० × ३५०८ बिंदूंचं होतं, म्हणजे रंगीत असेल तर कॉम्प्रेस करण्याआधी सुमारे २६ एमबी. ६०० डीपीआयला हे चौपट होतं. वरच्या फीडरमधून काढलेल्या प्रत्येक पानावर एकच उभी रेघ येत असेल आणि काचेवर ठेवून काढलेल्या पानावर येत नसेल, तर मुख्य काचेशेजारची अरुंद काच पाहा. तिथे गोंदाचा किंवा व्हाइटनरचा टाचणीच्या टोकाएवढा डाग सापडेल.

आता निवडीबद्दल. क्वचित पण रंगीत छापणाऱ्याने हेडवाली कार्ट्रिज घ्यावी: पान महाग पडतं, पण प्रत्येक कार्ट्रिजबरोबर हेडही नवं मिळतं. कार्ट्रिजऐवजी टाकीत बाटलीने शाई भरायच्या इंक टँक प्रिंटरमध्ये पान फार स्वस्त पडतं, मात्र हेड सहसा यंत्रातच बसवलेलं असतं आणि ते कायमचं तुंबलं की दुरुस्तीचा खर्च नव्या प्रिंटरच्या जवळ जातो. टँक नियमित छापणाऱ्यासाठीच. फक्त काळी छपाई, तीही अधूनमधून, असेल तर आमची पसंती स्कॅनर असलेल्या मोनो लेझरला, म्हणजे शाईऐवजी टोनरने फक्त काळं छापणाऱ्या प्रिंटरला. टोनर कोरडी पूड असते, ती महिनोन्‌महिने पडून राहिली तरी सुकायचा प्रश्न नाही. पूड कागदावर वितळवणारा फ्यूजर सुमारे २०० अंशांपर्यंत तापतो आणि सुरू होताना शेकडो वॅट खेचतो, त्यामुळे लेझर प्रिंटर कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसला जोडू नये, थेट भिंतीवरच्या सॉकेटला जोडावा.